पूर्ण, संपूर्ण आणि पुरे

समानार्थी शब्दांची यादी ही परीक्षार्थ्यांच्या सोयीसाठी केलेली तडजोड असते, आणि ती तडजोड आहे याचा विसर पडला की शब्दांचा अभ्यास तिथेच थांबतो. इंग्रजीच्या कोणत्याही मार्गदर्शकात ‘कंप्लीट’ या शब्दापुढे ‘होल’, ‘एन्टायर’, ‘टोटल’, ‘फुल’ असे शब्द एका ओळीत मांडलेले आढळतात. तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवताना गेली कित्येक वर्षे मी ही ओळ पाहत आलो आहे. विद्यार्थी ती पाठ करतात, तिच्याखाली मराठीत ‘पूर्ण’ असा एकच शब्द लिहितात आणि पुढे सरकतात. एका मराठी शब्दाचे पांघरूण पाच इंग्रजी शब्दांवर पडते. ते थोडे बाजूला सारून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मात्र तसे करण्याची गरज मला वर्गाबाहेरही एकदा पडली, तो भाग पुढे येईलच.

आकाशातले एकच बिंब घेऊ. पौर्णिमेचा चंद्र इंग्रजीत ‘फुल’ असतो. त्याच चंद्राला ग्रहण लागले आणि तो सबंध झाकोळला, की खगोलशास्त्राची पुस्तके त्या ग्रहणाला ‘टोटल’ म्हणतात. ‘टोटल मून’ असे कोणी म्हणत नाही. वाढत वाढत भरत आलेल्या वस्तूला ‘फुल’ शोभते. भाग मोजून एकही उरला नाही असे सांगायचे तर ‘टोटल’ लागते. मराठीनेही या दोन प्रसंगांसाठी दोन निराळे शब्द ठेवले आहेत, ‘पौर्णिमा’ आणि ‘खग्रास’. म्हणजे हा भेद मराठी माणसाला परका नाही. इंग्रजी शब्दांची यादी पाठ करताना तो आपल्या हातून निसटतो, इतकेच.

पीटर मार्क रॉजे या वैद्याने १८५२ साली आपला ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांच्या वर्गांनुसार लावणाऱ्या त्या ग्रंथात ‘होल’ हा एक स्वतंत्र विभाग आहे आणि ‘कंप्लीटनेस’ हा दुसरा. पहिल्यासमोर विरुद्ध बाजूला ‘पार्ट’ आहे, दुसऱ्यासमोर ‘इन्कंप्लीटनेस’. ही विभागणी मला फार सूचक वाटते. ‘होल’चा विरोध तुकड्याशी आहे, ‘कंप्लीट’चा उणेपणाशी. नारळ फोडला की तो ‘होल’ राहत नाही. पत्त्यांच्या जोडातील एक पान हरवले की जोड ‘कंप्लीट’ राहत नाही. पहिल्यात मोडतोड झाली आहे, दुसऱ्यात वाण पडली आहे. ज्या ग्रंथाला आपण समानार्थी शब्दांचे भांडार समजतो, त्याच्या कर्त्यानेच हे दोन शब्द एका कप्प्यात ठेवलेले नाहीत.

शब्दांची कुळे पाहू लागलो की प्रत्येकामागे वेगळे चित्र दिसते. ‘कंप्लीट’ हा लॅटिन ‘कंप्लेरे’ म्हणजे काठोकाठ भरणे या क्रियापदापासून आला. ‘फुल’ जर्मानिक शाखेतला. परंतु लॅटिन ‘प्लेनुस’, इंग्रजी ‘फुल’ आणि आपला ‘पूर्ण’ ही तिन्ही एकाच भारोपीय धातूची अपत्ये आहेत. मुळातल्या ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ होतो, हे ग्रिमच्या नियमामुळे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. पितृ आणि ‘फादर’, पद आणि ‘फूट’ या जोड्या त्याने पाहिलेल्या असतात. तेव्हा ‘फुल’, ‘कंप्लीट’ आणि ‘पूर्ण’ यांच्या तळाशी एकच भांडे आहे, भरले जाणारे.

‘होल’चे घर निराळे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘हाल’ असे होते आणि अर्थ होता निरोगी, धडधाकट, इजा न झालेला. ‘हील’ म्हणजे बरे करणे, ‘हेल्थ’ म्हणजे आरोग्य, ‘होली’ म्हणजे पवित्र, ही सारी त्याची भावंडे. आज त्या शब्दाच्या आरंभी दिसणारे, उच्चारात नसलेले अक्षर पंधराव्या शतकात लेखनात शिरले आणि त्यामुळे हे नाते डोळ्यांना दिसेनासे झाले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र ‘होल’ हा शब्द ‘रोगमुक्त’ या अर्थाने पुन्हा पुन्हा येतो. आपल्या ‘सर्व’ची हकीकतही अशीच आहे. संस्कृत ‘सर्व’, ग्रीक ‘होलोस’ आणि लॅटिन ‘साल्वुस’ हे सगोत्र शब्द. त्यांतील ‘साल्वुस’चा अर्थ सुरक्षित, आणि त्यापासूनच इंग्रजीत ‘सेफ’ व ‘सॅल्व्हेशन’ आले. गंमत अशी की, ‘होलिस्टिक’ हा शब्द इंग्रजी ‘होल’पासून निघालेला नाही. तो यान स्मट्स यांनी १९२६ साली रूढ केलेल्या ‘होलिझम’मधून, म्हणजे त्या ग्रीक ‘होलोस’मधून आला. विद्यार्थी त्याचे स्पेलिंग ‘होल’सारखे करतात तेव्हा व्युत्पत्ती चुकते, पण त्यांची अर्थाची जाण फारशी चुकलेली नसते.

‘एन्टायर’ हा लॅटिन ‘इंटेगेर’चा फ्रेंचमार्गे आलेला वंशज. त्याचा मूळ अर्थ अस्पृष्ट, कोणी हात न लावलेला. ‘इंटेग्रिटी’ त्याच घरातली, आणि अपूर्णांक नसलेल्या संख्येला इंग्रजी गणित ‘इंटेजर’ म्हणते तेही त्याच घरातले. घोड्यांच्या व्यवहारात खच्ची न केलेल्या घोड्याला इंग्रजीत ‘एन्टायर’ म्हणतात. ‘परफेक्ट’ म्हणजे शेवटापर्यंत केलेले; म्हणूनच इंग्रजी व्याकरणातल्या ‘परफेक्ट टेन्स’ला आपण पूर्ण काळ म्हणतो आणि त्यात निर्दोषपणाचा काहीही संबंध नसतो. ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे सगळ्या बंधनांतून सोडवलेले. इंग्लंडच्या न्यायालयात घटस्फोटाचा अखेरचा हुकूम याच शब्दाने ओळखला जाई. एप्रिल २०२२ मध्ये तेथील कायद्याने त्याऐवजी ‘फायनल ऑर्डर’ असा साधा शब्दप्रयोग आणला. ‘थरो’ आणि ‘थ्रू’ हा मुळात एकच शब्द, आरपार जाण्याचा. ‘अटर’ म्हणजे ‘आउटर’, अगदी बाहेरच्या टोकाचा.

या चित्रांचा उपयोग केवळ व्युत्पत्तीच्या करमणुकीपुरता नाही. शब्द बदलून पाहिला की चित्र अजूनही काम करते आहे, हे कळते. इंग्रजी न्यायपरंपरेत साक्षीदाराला ‘द होल ट्रुथ’ सांगण्याची शपथ घ्यावी लागते, आणि भारतातल्या १९६९ च्या शपथ अधिनियमातही तोच शब्द आहे. तिथे ‘कंप्लीट ट्रुथ’ ठेवून पाहा. लगेच असे वाटू लागते की, सत्य ही काही बाबींची यादी असून साक्षीदाराने ती भरून द्यावयाची आहे. न्यायालयाला तशी यादी नको असते. साक्षीदाराने सत्याचा तुकडा तोडून देऊ नये, एवढीच त्याची मागणी असते. याउलट आपल्या संविधानाचा अनुच्छेद १४२ सर्वोच्च न्यायालयाला ‘कंप्लीट जस्टिस’ करण्याचा अधिकार देतो. तिथे ‘होल’ चालणार नाही. कायद्याच्या नेहमीच्या तरतुदींत जे उणे राहते ते भरून काढण्याचा हा अधिकार आहे, आणि भरून काढणे हे ‘कंप्लीट’चेच काम.

वापरामुळे शब्दांना येणारा वास हा आणखी एक भाग. ‘अटरली’ हा शब्द कोणाच्या संगतीत वावरतो याचा शोध बिल लाऊ यांनी १९९३ च्या आपल्या निबंधात घेतला. मोठ्या शब्दसंग्रहात पाहिले असता त्याच्या शेजारी बहुधा अनिष्ट गोष्टी सापडतात. मूर्खपणा, अपयश, गोंधळ ‘अटर’ असतात. यश सहसा नसते. हे वाचताना माझे मन मराठीकडे वळले. आपण ‘पुरता फसला’ म्हणतो, ‘पार बिघडला’, ‘साफ नापास झाला’, ‘शुद्ध फसवणूक’, ‘निव्वळ वेळकाढूपणा’ म्हणतो. ‘पुरता सुखी झाला’ असे कोणी म्हणत नाही. ‘पार’ म्हणजे पलीकडचा काठ, आणि ‘अटर’ म्हणजे बाहेरचे टोक. ‘शुद्ध’ मुळात निर्मळ, आणि ‘शुद्ध फसवणुकी’ला इंग्रजीत जो ‘शीअर’ लागतो तोही एके काळी लख्ख, निर्मळ या अर्थाचा होता. परस्परांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना पराभवाची परिसीमा सांगताना तीच चित्रे सुचावीत, याचे मला अजूनही नवल वाटते. सुखाची परिसीमा सांगण्याची घाई कोणत्याच भाषेला नसावी.

आता याच शब्दांचे राजकारण पाहू. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या अधिवेशनात काँग्रेसने ‘स्वराज्य’ या आपल्या घटनेतील शब्दाचा अर्थ यापुढे ‘कंप्लीट इंडिपेंडन्स’ असा समजावा, असे ठरवले. भारतीय भाषांत त्याला पूर्ण स्वराज्य म्हटले गेले. आदल्याच वर्षी नेहरू अहवालाने वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य मागितले होते, आणि मौलाना हसरत मोहानी यांनी १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात मांडलेली संपूर्ण स्वातंत्र्याची सूचना तेव्हा मान्य झाली नव्हती. या पार्श्वभूमीवर ‘कंप्लीट’ या विशेषणाचा रोख स्पष्ट होता: जे देऊ केले जात आहे ते अर्धे भरलेले भांडे आहे. पुढे ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली, तेव्हा तिचे इंग्रजी रूप मात्र ‘टोटल रेव्होल्यूशन’ झाले. राजकीय, आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक, वैचारिक, शैक्षणिक आणि आध्यात्मिक अशा सात क्रांत्यांची ती बेरीज होती. बेरजेला ‘टोटल’ हाच शब्द. पूर्ण आणि संपूर्ण यांत आपल्याला एका उपसर्गाचे अंतर दिसते. इंग्रजीत गेल्यावर ते दोन वेगळ्या कुळांचे शब्द होतात, आणि दोन वेगळ्या राजकीय कल्पनाही होतात. एकीत उणीव भरायची आहे, दुसरीत जीवनाचे एकही अंग वगळायचे नाही.

‘टोटल’ला विसाव्या शतकाने दिलेला काळा रंगही विसरता येत नाही. इटलीत १९२३ साली जोव्हान्नी आमेंदोला यांनी फॅसिस्टांवर टीका करताना ‘टोटालितारिओ’ हे विशेषण वापरले. दोन वर्षांत मुसोलिनीने ते अभिमानाने स्वतःला लावून घेतले. हाना आरेंट यांचा सर्वंकष सत्तेच्या उगमावरील ग्रंथ १९५१ चा. मराठीत आपण त्यासाठी ‘सर्वंकष’ हा शब्द वापरतो. ‘कष्’ म्हणजे घासणे. सगळ्यांना घासून काढणारे ते सर्वंकष. ज्या ‘सर्व’च्या कुळात सुरक्षितपणा होता, त्याच्याच पाठीशी हे घासणे येऊन बसले. ‘कंप्लीट’ किंवा ‘होल’ यांच्यापासून असा वाद निघाला नाही, कारण भरलेल्या भांड्याला आणि धडधाकट शरीराला आपली मर्यादा असते. बेरजेला ती नसते. बेरीज पुढच्या माणसालाही मोजू लागते.

ग्रंथांच्या बाबतीत हे सगळे शब्द आपल्या रोजच्या कामाचे आहेत. महात्मा गांधींच्या लेखनाच्या शंभर इंग्रजी खंडांना ‘कलेक्टेड’ म्हटले आहे. ‘कंप्लीट’ म्हणण्याचे संपादकांनी टाळले. बाबासाहेब आंबेडकरांचे, १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने काढलेले खंड केवळ ‘लेखन आणि भाषणे’ असे नाव घेऊन येतात. महात्मा फुले यांचे ‘समग्र वाङ्मय’ १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केले आणि १९९१ साली य. दि. फडके यांच्या संपादनाखाली त्याची नवी आवृत्ती निघाली. समग्राची पुन्हा नवी आवृत्ती निघावी यात मला विसंगती वाटत नाही. ‘समग्र’ हे नाव म्हणजे संपादकांनी वाचकांना दिलेला शब्द. तो पाळत राहावा लागतो.

कोशांची कथा तर याहून बोलकी. पुढे ‘ऑक्सफर्ड’च्या नावाने ओळखल्या गेलेल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली ‘कंप्लीट’ झाले. पाचच वर्षांनी, १९३३ साली, त्याचे ‘सप्लिमेंट’ काढावे लागले. ‘कंप्लीट’ आणि ‘सप्लिमेंट’ हे दोन्ही शब्द त्याच लॅटिन ‘प्लेरे’चे, भरण्याचे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, आणि १९५० साली त्याचाही पुरवणी विभाग आला. ‘पूर्ण’ आणि ‘पुरवणी’ हेही एकाच धातूचे. जाक देरिदांनी १९६७ साली रूसोच्या निमित्ताने ‘सप्लिमेंट’ या शब्दाचे जे विवेचन केले ते आपल्या अभ्यासक्रमांत अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. पण परीक्षेच्या दालनात उभे राहून पुरवणी मागणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे मर्म समजणे कठीण नसावे. पुरवणी जोडली गेली की मूळ उत्तरपत्रिका अपुरी होती हे सिद्ध होते. आणि पुरवणी जोडल्यानंतर ‘उत्तरपत्रिका’ म्हणजे त्या दोन्ही मिळून होतात. आपल्या परंपरेला हे अनोळखी नव्हते. ऋग्वेदाच्या संहितेला जोडलेल्या सूक्तांना खिलसूक्ते म्हणतात, हरिवंश हे महाभारताचे खिल मानले जाते. खिल म्हणजे नांगराविना राहिलेली जमीन, उरलेला भाग, आणि म्हणूनच परिशिष्ट. ज्याला खिल नाही ते अखिल. अमरकोशात या अर्थाचे शब्द एकत्र दिले आहेत, त्यांत अखिल, निखिल, अशेष, निःशेष, अखंड अशी नकारातून घडलेली रूपे बरीच आहेत. काय उरलेले नाही, काय मोडलेले नाही, हे सांगूनच संस्कृत भाषा पूर्णत्वापर्यंत पोहोचते. इंग्रजीचा ‘एन्टायर’ही तसाच नकारातून जन्मलेला.

हे सारे मी वर्गात शिकवत होतो त्याच काळात माझ्या ताईला लिम्फोमा झाला. केमोथेरपी संपल्यावर पेट स्कॅन झाले आणि अहवाल हाती आला. त्यात निष्कर्षाच्या जागी तीन शब्द होते: ‘कंप्लीट मेटॅबॉलिक रिस्पॉन्स’. घरात इंग्रजी शिकवणारा मी, त्यामुळे अहवाल माझ्याकडे आला. आईने विचारले, “म्हणजे ताई पूर्ण बरी झाली ना रे?”

व्याकरणाच्या दृष्टीने उत्तर सोपे होते. ‘कंप्लीट’ हे विशेषण ‘रिस्पॉन्स’चे आहे. औषधाला आजाराने दिलेला प्रतिसाद पूर्ण आहे, म्हणजे स्कॅनमध्ये आजाराच्या पेशींची हालचाल आता कुठेही दिसत नाही. अहवाल ताईविषयी नव्हता, तपासणीला जे दिसते त्याविषयी होता. डॉक्टरांनी ‘क्युअर’ हा शब्द वापरलेला नव्हता. पुढची काही वर्षे ठरावीक अंतराने तपासणीला यायचे आहे, असे त्यांनी बजावले होते. आईच्या प्रश्नात मात्र तो दुसरा शब्द होता, ‘होल’, त्याच्या अगदी जुन्या अर्थाने. तिला मुलगी धडधाकट हवी होती. या दोन शब्दांमध्ये किती अंतर आहे हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. इथे ते अंतर आईच्या चेहऱ्यापासून अहवालाच्या कागदापर्यंतचे होते.

मी म्हणालो, “आई, औषध पूर्ण लागू पडलंय. तपासणीत आता काही दिसत नाही. पण तपासायला मात्र जात राहायचं.” आई काही क्षण गप्प राहिली. मग ताईच म्हणाली, “आई, त्या मशीनला जेवढं कळतं, तेवढं पूर्ण आहे.” त्यावर आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने भात टाकला. ताईला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती. दुसऱ्यांदा वाढू लागल्यावर तिने पानावर हात आडवा धरला आणि म्हणाली, “पुरे.”

ताई आता पूर्वीसारखी नोकरीवर जाते. तपासण्या चालू आहेत. प्रत्येक वेळी तोच शब्द येतो आणि प्रत्येक वेळी आई तोच प्रश्न विचारते. उत्तरही मी तेच देतो. त्या उत्तरात आशा कमी पडते असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. ‘कंप्लीट’ या शब्दाने जेवढे दिले आहे तेवढे ठामपणे हाती घेता येते, कारण त्याच्या कडा ठाऊक असतात. ‘पूर्ण बरी’ असे म्हटले असते, तर पुढच्या प्रत्येक तपासणीच्या आधी ते वाक्य पुन्हा पणाला लागले असते.

असो. विद्यार्थी आता ती यादी घेऊन आले की मी त्यांना ती खोडायला सांगत नाही. परीक्षेत ती लागते. प्रत्येक शब्दापुढे त्याचा विरुद्धार्थी शब्द लिहा, एवढे मात्र सांगतो. ‘फुल’पुढे रिकामे, ‘होल’पुढे मोडलेले, ‘कंप्लीट’पुढे उणे, ‘टोटल’पुढे अंशतः, ‘एन्टायर’पुढे ज्याला कोणी हात लावला ते. उजवीकडचा रकाना भरला की डावीकडचे शब्द आपोआप एकमेकांपासून दूर सरतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हा अभ्यास करताना मराठी ‘पुरे’ हा शब्द यादीच्या शेवटी स्वतःहून लिहिला आणि त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली. ‘पुरे’ हा ‘पूर्ण’च्याच घरचा शब्द. त्याच्या विरुद्ध काय लिहावे असे तिने मला विचारले. ‘अजून’ लिही, असे मी सांगितले.